गाठीचा पत्ता

मावळ तालुक्यातले सुदुंबरे हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे अनेकांना माहीत आहे. त्या परिसरातल्या शिक्षकांच्या एका बैठकीसाठी आम्ही तिथे गेलो होतो. माध्यमिक वर्गांना चेतासंस्था कशी शिकवावी यावर बरीच चर्चा झाली. बैठक संपली, चहा आला, आणि एका बाईंनी आपल्या आईची हकीकत सांगितली.

आईंचे वय एकसष्ट. भाताची लावणी, काढणी, गुरांचे शेणपाणी हे सगळे स्वतः करणाऱ्या. एका उन्हाळ्यात त्यांना छातीच्या खाली, बरगड्यांच्या कडेने दुखू लागले. "कुणी काचा आवळून बांधल्यागत होतंय," असे त्या म्हणत. रात्री आडवे झाले की दुखणे वाढे, उठून बसले की थोडे बरे वाटे. पित्ताच्या गोळ्या झाल्या. हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आला. दिवाळीच्या सुमारास पाय जड वाटू लागले. एकदा पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि आई तशाच घरी आल्या. चप्पल निसटली हे त्यांना कळलेच नव्हते. मग कंबरेचा एमआरआय झाला. एक चकती जराशी बाहेर आलेली दिसली. कंबरेला पट्टा आला आणि आणखी तीन महिने गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारली, तळपायावर किल्लीने ओरखडा काढला आणि सांगितले, "दुखणं कंबरेत नाही, वर आहे." पाठीचा एमआरआय काढल्यावर छातीच्या मागे, सहाव्या मणक्यापाशी मेरुरज्जूवर दाबणारी गाठ सापडली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. आज आई काठी घेऊन बांधापर्यंत जाऊन येतात.

बाईंचा प्रश्न असा होता : "एवढ्या मोठ्या मशीनला जे दिसलं नाही, ते हातोडीला कसं कळलं?"

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर शोधताना मेरुरज्जूच्या गाठींचे निदान आणि वर्गीकरण कसे करतात हे समजते. शिवाय शाळेच्या पुस्तकातली प्रतिक्षिप्त क्रिया प्रत्यक्ष आयुष्यात कुठे उपयोगी पडते, हेही दिसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पाठदुखी आणि कंबरदुखी बहुतेक सर्वांनाच कधी ना कधी होते. उसण भरते, स्नायू आखडतात, चकती सरकते, आणि बहुतेक वेळा हे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. पाठदुखीमागे गाठ निघणे ही विरळा गोष्ट आहे. पण ती विरळा असल्यामुळेच नजरेतून सुटते, आणि सुटली तर त्याची किंमत पायांना द्यावी लागते.

पत्त्याच्या तीन ओळी

आपण पत्रावर पत्ता लिहितो : गाव सुदुंबरे, तालुका मावळ, जिल्हा पुणे. पोस्टात पत्राची छाटणी उलट क्रमाने होते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. जिल्हाच चुकला तर गावाचे नाव कितीही सुवाच्य अक्षरात असले तरी पत्र पोचत नाही.

मेरुरज्जूजवळच्या गाठीचा पत्ताही असाच तीन ओळींचा असतो. पहिली ओळ उंचीची : मान, पाठ, कंबर यांपैकी नेमकी कोणती पातळी? दुसरी ओळ थराची : गाठ हाडात आहे, आवरणात आहे की रज्जूच्या आत? तिसरी ओळ पेशींची : ती कोणत्या पेशींपासून झाली आहे, आणि त्या पेशी किती वेगाने वाढतात? पहिली ओळ हातोडी आणि टाचणी सांगतात, दुसरी एमआरआय सांगतो, तिसरी सूक्ष्मदर्शक सांगतो. बाईंच्या आईंच्या बाबतीत पहिली ओळ ठरवण्याआधीच दुसरीचा शोध सुरू झाला होता. यंत्राने चूक केली नव्हती. त्याला कंबर दाखवली, त्याने कंबर पाहिली.

पहिली ओळ : उंची

मेरुरज्जूला बोलण्यात आपण मज्जारज्जू म्हणतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी साधारण करंगळीएवढी असते. मेंदूच्या तळापासून निघून तो मणक्यांच्या पोकळीतून खाली जातो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेत ८, छातीच्या भागात १२, कंबरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडापाशी १.

आता एक गंमत लक्षात घ्या. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत रज्जू पाठीच्या कण्याइतकाच लांब असतो. पुढे कणा भराभर वाढतो, रज्जू मागे पडतो. त्यामुळे मोठ्या माणसात रज्जू कंबरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली फक्त घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका असतो. म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती, जी सर्वांत जास्त वेळा सरकते, तिच्या पातळीवर रज्जू नसतोच!

आता हातोडीकडे वळू. गुडघ्याच्या वाटीखाली टिचकी मारली की पाय झटकन पुढे येतो. स्नायू ताणल्याचा संदेश रज्जूत जातो आणि तिथूनच परत फिरतो. मेंदूला विचारण्याची गरज पडत नाही. पण मेंदू वरून या क्रियेवर सतत लगाम ठेवून असतो. यातून दोन शक्यता निघतात.

येणारा-जाणारा मज्जातंतूच दाबला गेला असेल, तर संदेश नीट पोचत नाही आणि पाय कमी उडतो. कंबरेतल्या चकतीने तंतू दाबला की असे होते. मात्र रज्जूच वर कुठेतरी दाबला गेला असेल, तर खालचे मंडळ शाबूत राहते आणि मेंदूचा लगाम सुटतो. मग पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. तळपायाची परीक्षाही हेच सांगते. तळव्याच्या बाहेरच्या कडेने ओरखडा काढला तर निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. रज्जूवर किंवा मेंदूकडून येणाऱ्या मार्गावर दाब असेल तर तो वर उचलला जातो. फ्रान्समधल्या बाबिन्स्की या डॉक्टरांनी १८९६ साली ही खूण नोंदवली. तान्ह्या बाळाचाही अंगठा असाच वर जातो, कारण त्याचे हे मार्ग अजून पक्के झालेले नसतात.

आईंचा पाय जोरात उडाला आणि अंगठा वर गेला. कंबरेतल्या चकतीमुळे हे घडूच शकत नाही, कारण तिथे दाबायला रज्जू नाही. हातोडीला कळले ते एवढेच, आणि तेवढे पुरेसे होते.

पण 'वर' म्हणजे किती वर? त्यासाठी टाचणी. प्रत्येक मज्जातंतू त्वचेचा एक पट्टा सांभाळतो. स्तनाग्राची पातळी छातीच्या चौथ्या तंतूची, बेंबीची दहाव्या, जांघेची कंबरेच्या पहिल्या. पायापासून वर टाचणी टोचत गेले आणि बेंबीपाशी टोचल्याचे नीट कळू लागले, तर पातळी दहाव्या तंतूच्या आसपास आली. पण रज्जू कण्यापेक्षा आखूड असल्याने दहाव्या तंतूचा उगम दहाव्या मणक्यापाशी नसतो. तो दोन-तीन मणके वर असतो. शिवाय वेदना आणि तापमान कळवणाऱ्या तंतूंपैकी पायाकडून आलेले तंतू रज्जूच्या बाहेरच्या कडेला असतात. बाहेरून दाबणाऱ्या गाठीचा पहिला फटका त्यांना बसतो. म्हणून बधिरपणा पायांत सुरू होऊन वर सरकतो, आणि गाठ त्याच्या पातळीच्या आणखी वर असू शकते. आईंना बेंबीच्या खाली बधिरपणा होता, काचा मात्र बरगड्यांच्या कडेला आवळल्यासारखा वाटत होता. त्या जागेचा मज्जातंतू गाठीच्याच पातळीवर दाबला जात होता. म्हणजे पत्त्याची पहिली ओळ आई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

ही चूक नवी नाही. १८८७ च्या जूनमध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात एका बेचाळीस वर्षांच्या कॅप्टनवर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पाठीत बराच काळ असह्य दुखत होते आणि पुढे दोन्ही पाय गेले होते. त्याआधी अनेकांनी त्याचे दुखणे मानसिक ठरवले होते. विल्यम गॉवर्स यांनी केवळ तपासणीवरून रज्जूवर दाब असल्याचे निदान केले आणि व्हिक्टर हॉर्स्ली यांनी शस्त्रक्रिया केली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. हॉर्स्लींनी ठरल्या जागी मणक्यांच्या कमानी काढल्या, पण गाठ दिसेना. त्यांनी आणखी वरची कमान काढली, आणि बदामाएवढी गाठ समोर आली. ती पूर्ण निघाली. तो माणूस पुन्हा चालू लागला. मेरुरज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढण्याची ही पहिली प्रसिद्ध नोंद. गाठ अपेक्षेपेक्षा वर असते, हा धडा तिथूनच मिळाला.

दुसरी ओळ : थर

दुसरी ओळ समजण्यासाठी एक प्रतिकृती करू. वर्गात ती वीस मिनिटांत होते.

साहित्य : लहान मुलींच्या पंधरा-वीस बांगड्या, पेप्सीकोल्याची लांब पारदर्शक पिशवी, जाड सुती दोरी, पाणी, थोडे मेण आणि एक मणी. पिशवीत दोरी सोडा, पाणी भरा आणि तोंड बांधा. बांगड्या एकापुढे एक ठेवून त्यांच्यातून ही पिशवी ओवा. बांगड्या म्हणजे मणके. पिशवी म्हणजे रज्जूभोवतीचे जाड आवरण. त्याला मराठीत दृढतानिका आणि डॉक्टरांच्या भाषेत ड्यूरा म्हणतात. पाणी म्हणजे मेंदू आणि रज्जूभोवती खेळणारा द्रव. दोरी म्हणजे रज्जू.

आता 'गाठ' तीन ठिकाणी ठेवून पहा.

एक : मेणाचा गोळा बांगडी आणि पिशवी यांच्या मध्ये दाबा. पिशवी बाहेरून चेपते, दोरीभोवतीचे पाणी आणि दोरी दोन्ही एका बाजूला ढकलली जातात.

दोन : मेणाचा लहान गोळा पिशवीच्या आत पण दोरीच्या शेजारी ठेवा. दोरी एका बाजूला सरकते, मात्र गोळ्याच्या वर आणि खाली पाण्याची जागा रुंदावते.

तीन : दोरीचे पीळ उकलून आत मणी बसवा. दोरीच फुगते आणि दोन्ही बाजूंचे पाणी पातळ होते.

एमआरआय पाहणारे डॉक्टर याच तीन आकृत्या शोधत असतात. ढोबळमानाने पाहिले तर प्रौढांमधल्या १०० गाठींपैकी ५५ ते ६० पहिल्या प्रकारच्या, ३५ ते ४० दुसऱ्या आणि ५ ते १० तिसऱ्या प्रकारच्या असतात. थर कळला की गाठ कोणती असावी याचा अंदाज बराच अरुंद होतो.

ड्यूराच्या बाहेर, हाडाच्या आश्रयाने वाढणाऱ्या गाठी बहुतेक वेळा दुसरीकडून आलेल्या असतात. स्तन, फुप्फुस, पुरुषांमधली पुरस्थ ग्रंथी, मूत्रपिंड यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून मणक्यात येऊन रुजतात. कण्याभोवतीच्या शिरांमध्ये झडपा नसतात, त्यामुळे तिथे रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते. कर्करोग मणक्यांत का पसरतो याचे एक स्पष्टीकरण बॅट्सन यांनी १९४० साली या शिरांच्या अभ्यासातून दिले. अस्थिमज्जेतल्या पेशींचा मायलोमा आणि लसिकापेशींचा लिम्फोमा हेही याच थरात आढळतात.

ड्यूराच्या आत पण रज्जूच्या बाहेर असलेल्या गाठी बहुधा सौम्य असतात. मज्जातंतूच्या वेष्टनातल्या पेशींपासून होणारा श्वानोमा आणि आवरणाच्या पेशींपासून होणारा मेनिंजिओमा या इथल्या मुख्य दोन. मेनिंजिओमा स्त्रियांत जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा छातीच्या पातळीवर असतो. या गाठी अनेक वर्षे हळूहळू वाढतात. तेवढ्या काळात रज्जू चेपत चेपत जागा करून देतो, आणि म्हणूनच लक्षणे उशिरा दिसतात.

रज्जूच्या आतल्या गाठींत प्रौढांमध्ये एपेन्डिमोमा सर्वांत जास्त आढळतो. रज्जूच्या मधोमध एक सूक्ष्म नलिका असते, तिच्या अस्तराच्या पेशींचा हा पसारा. तो बहुधा मध्यभागी आणि रेखीव कडांचा असतो. ॲस्ट्रोसायटोमा ही दुसरी गाठ एका बाजूला कललेली आणि कडा पुसट असलेली. मुलांमध्ये हिचे प्रमाण अधिक असते.

एमआरआय येण्याआधी थर ओळखणे किती अवघड होते पहा. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या सिकार आणि फोरेस्टिए यांनी आयोडिनयुक्त तेल ड्यूराच्या आत सोडून क्ष-किरण चित्रे घ्यायला सुरुवात केली. रुग्णाला टेबलावर तिरपे करत आणि तेल कुठे अडते ते पाहत. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा उपयोग करतो. चुंबकीय क्षेत्रात हे अणुकेंद्रक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि प्रत्येक ऊतीचा प्रतिसाद थोडा निराळा असतो. याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध दिले की अनेक गाठी उजळून दिसतात आणि त्यांच्या कडा स्पष्ट होतात.

गाठ की क्षय?

आपल्या देशात आणखी एक प्रश्न कायम सोबत असतो. मणक्याचा क्षयसुद्धा रज्जू दाबतो, पाय कमजोर करतो आणि चित्रात गाठीसारखा दिसू शकतो. हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यांत होतो. एकाला शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतील, तर दुसऱ्याला अनेक महिन्यांची क्षयाची औषधे. चूक कोणत्याही बाजूला झाली तरी महाग पडते.

इथे मणक्यांमधल्या चकतीकडे पहायचे. क्षय बहुधा दोन शेजारी मणके आणि त्यांच्यामधली चकती असे तिन्ही खातो. शेजाऱ्यांच्या समोरासमोरच्या कडांना रक्त एकाच धमनीच्या शाखांतून मिळते, त्यामुळे जंतू दोन्हीकडे पोचतात. कर्करोगाच्या पेशी हाडात रुजतात. चकतीला प्रौढपणी रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून ती बहुधा वाचते. तेव्हा चकती शाबूत आणि मणका खचलेला असेल तर काळजी वाढते. मात्र हा नियम अपवादांसकट लक्षात ठेवावा. चकती वाचवणारा क्षयही असतो.

साध्या क्ष-किरण चित्रातही एक खूण दिसते. समोरून काढलेल्या चित्रात प्रत्येक मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो : दोन बाजूंच्या दोन गोल सावल्या म्हणजे डोळे आणि मधला कणा म्हणजे चोच. कर्करोगाने एका बाजूचा खांब खाल्ला की एक डोळा मिटतो. पण हाडातले ३० ते ५० टक्के खनिज जाईपर्यंत साध्या चित्रात काही दिसत नाही. म्हणून चित्र चांगले आले एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

क्षय हाडाला न शिवता थेट आवरणांत शिरला तर कोडे आणखी कठीण होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. दाराब दस्तूर यांनी १९६९ साली अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. एकाने लक्षणे आणि क्ष-किरण चित्रे तपासली, दुसऱ्याने ऊती. आवरणांच्या सुजेने मेरुरज्जू आणि मज्जातंतूंची मुळे कशी जखडतात हे त्यांनी दाखवले. मणके चांगले दिसत असूनही पाय जाणाऱ्या रुग्णात क्षयाचा विचार करायला त्यांच्या कामाने शिकवले.

तिसरी ओळ : पेशी

थरावरून अंदाज बांधता येतो, खात्री मात्र ऊतीचा तुकडा पाहिल्यावरच होते. मणक्यातल्या गाठीत सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून तुकडा काढतात. ड्यूराच्या आतल्या गाठीत बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच तो मिळतो. तुकड्याचा एक भाग क्षयाच्या तपासणीसाठीही पाठवतात. सीबीनॅटसारख्या चाचणीत जंतूंचे जनुकद्रव्य काही तासांत सापडू शकते.

महाराष्ट्रात या तिसऱ्या ओळीच्या कामाला मोठे बळ मिळाले ते मुंबईच्या परळ भागातल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची उभारणी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचेही ते पहिले संचालक. गाठ काढणाऱ्या हाताइतकाच ती ओळखणारा डोळा महत्त्वाचा, ही शिस्त अशा प्रयोगशाळांनी रुजवली.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गाठीची नक्षी निराळी दिसते. मेनिंजिओमात पेशी भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या असतात, कधी त्यांच्या मध्ये चुन्याचे वाळूसारखे कण असतात. श्वानोमात लांबट पेशींची केंद्रके ओळीने उभी असतात. एपेन्डिमोमात पेशी रक्तवाहिनीभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या असतात. नक्षी संदिग्ध असेल तर विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरून पेशींना रंगवतात. एस-१०० चा ठळक रंग आला तर श्वानोमाकडे, जीएफएपीचा आला तर एपेन्डिमोमा किंवा ॲस्ट्रोसायटोमाकडे बोट दाखवले जाते.

मग येते प्रत. जागतिक आरोग्य संघटनेने मेंदू आणि मेरुरज्जूच्या गाठींचे पहिले वर्गीकरण १९७९ साली प्रसिद्ध केले, आणि पाचवी आवृत्ती २०२१ साली निघाली. त्यात गाठींना १ ते ४ अशी प्रत देतात. १ म्हणजे मंद वाढणारी, पूर्ण काढली तर बहुधा बरी होणारी. ४ म्हणजे अतिशय आक्रमक. आधी ही प्रत केवळ पेशींच्या रूपावरून ठरे. २०१६ पासून जनुकांचाही विचार होऊ लागला. उदाहरणार्थ, ज्या एपेन्डिमोमात एमवायसीएन या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली कसाही दिसला तरी वेगाने पसरतो. म्हणून २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. रज्जूच्या शेपटाशी होणारा मिक्सोपॅपिलरी एपेन्डिमोमा पूर्वी पहिल्या प्रतीत होता. तो पुन्हा उद्भवू शकतो असे अनुभवाला आल्यावर त्याला दुसऱ्या प्रतीत टाकले. वर्गीकरण हे असे बदलत राहते. विद्यार्थ्यांना सजीवांचे वर्गीकरण शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. 'सौम्य' हा शब्द पेशींबद्दल आहे. रज्जूची पोकळी हाडांनी बंद केलेली असते, तिथे जागा वाढत नाही. पहिल्या प्रतीची गाठही पाय घालवू शकते.

घड्याळाकडे लक्ष

दाबलेला रज्जू किती सावरेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : दाब किती काळ होता, आणि उपचाराच्या वेळी रुग्ण कोणत्या अवस्थेत होता. दुसरीकडून आलेल्या कर्करोगाने रज्जू दाबलेल्या १०१ रुग्णांचा अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली पॅचेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के उपचारानंतर चालू शकत होते. फक्त किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. जे उपचारापूर्वीच चालू शकत नव्हते, त्यांच्यात हे आकडे ६२ आणि १९ असे खाली आले. जो आपल्या पायांनी दवाखान्यात येतो, त्याची पायांनी परत जाण्याची शक्यता अधिक असते, एवढा याचा अर्थ.

गावात कुणाचे दुखणे निघाले की लोक मास्तरांना आणि बाईंना विचारतात. म्हणून या खुणा आपल्याला माहीत असाव्यात : आडवे झाल्यावर किंवा रात्री वाढणारे दुखणे, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्याची भावना, पायांत जडपणा किंवा लटपट, चप्पल निसटल्याचे न कळणे, पायांकडून वर सरकणारा बधिरपणा, पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीला नव्याने सुरू झालेली पाठदुखी, आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा लघवी अडणे. पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा लघवीचा त्रास सुरू झाला, तर चोळणे, शेकणे, पट्टा यांत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. सुदुंबऱ्याहून तळेगाव दाभाडे आणि पिंपरी-चिंचवड जवळ आहेत. दुर्गम वाडीवरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

डॉक्टरांनी काय तपासावे हे आपण सांगायचे नाही. पण काय होते आहे ते नीट सांगता येते : दुखणे नेमके कुठे, केव्हा वाढते, बधिरपणा कुठपर्यंत आला. एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून नेल्या तरी पत्त्याची पहिली ओळ चुकण्याची भीती कमी होते.

त्या बाईंनी नंतर आम्हाला कळवले की त्यांनी बांगड्यांची प्रतिकृती वर्गात करून दाखवली. तिन्ही प्रकार झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, गाठ निम्मी पिशवीच्या आत आणि निम्मी बाहेर असली तर?"

असते. श्वानोमा कधीकधी मज्जातंतूचा हात धरून दोन मणक्यांमधल्या छिद्रातून बाहेर पडतो. छिद्रात अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद, अगदी डमरूसारखा. अशा गाठीच्या पत्त्यात दुसऱ्या ओळीवर दोन नावे लिहावी लागतात, आणि शस्त्रक्रियेची आखणीही दोन्ही बाजूंनी करावी लागते. बाईंनी बांगड्यांच्या फटीतून मेण बाहेर ओढून त्या मुलाला तेही करायला लावले.